तो पट्टा धुराचा, धुळीचा की ढगाचा?

प्रश्न थोडक्यात असा: दुपारच्या उपग्रहचित्रात समुद्रावर फिकट तपकिरी पट्टा पसरलेला दिसतोय, चांगला हजार किलोमीटर लांब. सकाळच्या चित्रात तो जेमतेम जाणवत होता. वारा जिकडून येतो त्या बाजूला जमिनीवर दोन दिवसांपासून वणवे पेटलेत; पण तिथेच कोरडं, उघडं मैदानही आहे आणि वाऱ्याला जोर आहे. मग हा धूर समजायचा, धूळ की नुसता विरळ ढग? त्याला जोडून दुसरा प्रश्न: एरोसॉलच्या, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या कणांच्या नकाशावर तोच भाग लालभडक आहे, किनाऱ्यावरची हवा मोजणारी यंत्रं मात्र हवा चांगली असल्याचं सांगतायत. खरं कोणाचं मानायचं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे: दोघांचंही. उपग्रह वातावरणाचा वरपासून खालपर्यंतचा सगळा थर एकदम बघतो, यंत्र नाकाच्या उंचीवरची हवा ओढून मोजतं. पट्टा तीन किलोमीटर उंचीवरून चालला असेल तर नकाशाही खरा आणि यंत्रही खरं. म्हणजे खरा प्रश्न उंचीचा आहे, आणि नेमकी तीच साध्या चित्रात दिसत नाही. तिच्याकडे शेवटी येते. आधी पट्टा कशाचा, ते बघू.

एका चित्रावरून हे सांगता येत नाही. इतकी वर्षं हेच काम करतेय, पण एका स्थिर चित्रावर मी आजही पैज लावत नाही. लूप लावा, म्हणजे एकामागोमाग घेतलेली चित्रं चित्रफितीसारखी फिरवा.

टेरा, ॲक्वा, नोआ-२०, नोआ-२१ हे ध्रुवीय कक्षेतले उपग्रह. त्यांची चित्रं देखणी असतात, बारकावे भरपूर. पण तो एका क्षणाचा फोटो. नोआ-२० एखाद्या ठिकाणावरून दुपारी दीडच्या सुमाराला जातो आणि मग रात्री दीडला. मधल्या बारा तासांत काय झालं ते त्याला माहीत नसतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवरून एकाच गोलार्धाकडे टक लावून असतात. जपानचा हिमावारी-९ आणि अमेरिकेच्या गोज मालिकेतले नवे उपग्रह दर दहा मिनिटांनी पूर्ण चकतीचं, म्हणजे पृथ्वीच्या दिसणाऱ्या सगळ्या बाजूचं चित्र देतात, युरोपच्या मेटिओसॅटचे दुसऱ्या पिढीतले उपग्रह दर पंधरा मिनिटांनी. चित्र थोडं भरड असतं, पण हालचाल दिसते, आणि या कामात हालचाल हाच निम्मा पुरावा. ढग जागच्या जागी जन्मतो आणि जागच्या जागी विरतो. धूर किंवा धूळ कुठून तरी निघते आणि ओढली जाते. म्हणून पट्टा धरून फ्रेमगणिक मागे मागे जायचं, पहिल्यांदा तो कुठे उमटला ती फ्रेम सापडेपर्यंत. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, हेही आठवणीत ठेवा. स्थानिक वेळ समजून वणवा पेटण्याआधीच धूर निघाला असा शोध लावणारे मी पाहिलेत. एकदा मीही लावलाय.

आता तुमच्या सकाळ-दुपारच्या फरकाबद्दल. दुपारी पट्टा दाट दिसला म्हणजे दाट झालाच असं नाही. मोटारीच्या पुढच्या काचेवरची धूळ सूर्य पाठीशी असताना दिसत नाही. वळण घेऊन सूर्य समोर आला की काच एकदम पांढरी होते. धूळ तेवढीच असते. बारीक कण प्रकाश मागे कमी आणि पुढच्या दिशेने जास्त विखुरतात. म्हणून उपग्रह आणि सूर्य पट्ट्याच्या विरुद्ध बाजूंना असतील तेव्हा धूर उठून दिसतो, एकाच बाजूला असतील तेव्हा फिका पडतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातला धूर पूर्वेकडच्या गोज उपग्रहातून संध्याकाळी ठसठशीत दिसतो आणि पश्चिमेकडच्या गोजमधून सकाळी. एकाच धुराची, एकाच वेळची दोन उपग्रहांची चित्रं शेजारी ठेवली तर विश्वास बसत नाही. तेव्हा ‘सकाळी दिसला, दुपारी विरला, संध्याकाळी परत आला’ असं वाटलं तर आधी सूर्य कुठे होता ते बघा. चकतीच्या कडेलाही असाच भास होतो. तिथे नजर तिरकी, म्हणून हवेतली वाट लांब, म्हणून साधा धुरकटपणाही दाट वाटतो.

रंगावर तर फार विसंबू नका. विरळ धूर गडद जंगलावर निळसर करडा दिसतो, जुना आणि दाट धूर तपकिरी; धूळ पिवळट, बदामी, कधी लालसर. हे ढोबळमानाने खरं आहे, पण दोघांच्या छटा एकमेकींत मिसळतात. शिवाय गोजवरच्या कॅमेऱ्याला हिरव्या रंगाचं चॅनेलच नाही (चॅनेल म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा टिपणारी खिडकी). त्याच्या ‘खऱ्या रंगातल्या’ चित्रातला हिरवा बाकीच्या चॅनेलवरून हिशेबाने बनवलेला असतो. त्यावरून बदामी की तपकिरी असा वाद घालण्यात अर्थ नाही.

रंगापेक्षा कणाचा आकार बघावा. धुराचे बहुतेक कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दशांशात असतात, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉन. हवेत उडालेली धूळ एक मायक्रॉनपासून दहा आणि त्याहूनही मोठी. तरंगलांबीच्या मानाने कण फारच लहान असला तर ती लाट त्याला जुमानत नाही, सरळ निघून जाते. सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. एकाच वेळचं चित्र वेगवेगळ्या चॅनेलमध्ये उघडा. ०.४७ मायक्रॉनच्या निळ्यात धूर सगळ्यात ठळक दिसेल. ०.६४ च्या लाल चॅनेलमध्ये थोडा उतरेल, ०.८६ मध्ये आणखी. २.२ मायक्रॉनवर गेलात की विरळ-मध्यम धूर जवळजवळ नाहीसा होतो. खालची जमीन, नद्या, जळालेले काळे डाग स्वच्छ दिसायला लागतात, आणि जिथे आग आहे तिथे ठिपके चमकतात. निळ्यात भिंतीसारखा दिसणारा लोट २.२ ला काचेसारखा होतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चित्र बिघडलंय असं वाटलं होतं. धूळ इतक्या सहजासहजी जात नाही. तिचे कण मोठे, म्हणून २.२ लाही ती टिकून राहते. पाण्याचे ढगही टिकतात.

ढग वेगळा काढायला १.३८ मायक्रॉनच्या आसपासचं चॅनेल आहे. तिथे पाण्याची वाफ प्रकाश इतका शोषते की वातावरणाचा खालचा भाग काळोखात बुडालेला असतो; जे दमट थराच्या वर आहे तेवढंच उजळतं. विरळ सिरस, म्हणजे खूप उंचावरचा बर्फकणांचा ढग तिथे पिसासारखा लखलखतो, दोन-तीन किलोमीटरवरचा धूर दिसतच नाही. तेव्हा निळ्यात आहे, २.२ मध्ये नाही, १.३८ मध्येही नाही, असं निघालं तर पट्टा बहुतेक धुराचा. निळ्यात आहे आणि १.३८ मध्ये दोरे दिसतायत, तर सिरस. याला दोन अपवाद. हवा अतिशय कोरडी असेल किंवा भूभाग उंच डोंगराळ असेल तर १.३८ मध्ये जमीनही डोकावते. आणि वणव्याच्या उष्णतेने उसळलेला गडगडाटी ढग धूर दहा-बारा किलोमीटरवर नेऊन सोडतो. तो धूर १.३८ मध्ये व्यवस्थित दिसतो.

धुळीची खरी परीक्षा इन्फ्रारेडमध्ये होते, आणि तिला रात्रीही सुट्टी नाही. वाळवंटावर उडालेली धूळ साध्या चित्रात दिसतच नाही, कारण खालची जमीनही त्याच रंगाची. पण धुळीतले सिलिकेट कण १०.८ मायक्रॉनच्या आसपासची उष्णता जास्त शोषतात आणि १२ ला कमी. ढगातल्या बर्फाचं आणि पाण्याचं याच्या उलट. त्यामुळे १०.८ च्या तापमानातून १२ चं वजा केलं तर ढगावर फरक धन येतो आणि धुळीवर ऋण. युमेटसॅट या युरोपीय हवामान-उपग्रह संस्थेच्या ‘डस्ट आरजीबी’ चित्रात हाच फरक उलटा करून (१२ वजा १०.८) लाल रंगाला दिलेला असतो, १०.८ आणि ८.७ मधला फरक हिरव्याला आणि १०.८ चं तापमान निळ्याला. दिवसा धूळ गडद गुलाबी उठते, जाड उंच ढग तांबडे, विरळ सिरस काळपट. धुराचा इथे मागमूस नसतो, इन्फ्रारेडला एवढे बारीक कण दिसत नाहीत. म्हणजे तुमचा पट्टा खऱ्या रंगात आहे आणि डस्ट आरजीबीत अजिबात नाही, तर धुराकडे पारडं झुकलं. थांबा मात्र. समुद्रावर दमट हवेत खालून चाललेली विरळ धूळही त्या चित्रात हरवते, कारण पाण्याच्या वाफेचा परिणाम धुळीच्या उलट असतो आणि दोन्ही एकमेकांना खोडतात.

हे चित्र इतकं मोहक आहे की त्याच्यावर विसंबून बसायची सवय लागते. मला लागली होती. एका रात्री मोठ्या सपाट प्रदेशावर फरक ऋण दिसला, चांगला दीड-दोन अंश. मी धूळ म्हणून कळवून मोकळी झाले. सकाळी सूर्य वर आला, खाली स्वच्छ जमीन, आकाशात काही नाही. झालं असं होतं की निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर थंड झाली आणि तिच्या वरची हवा तिच्याहून ऊबदार राहिली. १२ मायक्रॉनला वाफ जास्त शोषते, म्हणून त्या चॅनेलला वरच्या ऊबदार हवेचा वाटा जास्त मिळाला आणि फरक आपोआप ऋण झाला. उघड्या वाळूची स्वतःची खोडही त्यात मिसळली. लूप लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं: डाग रात्रभर जागचा हलला नव्हता. धूळ चालते, जमीन चालत नाही. तेव्हापासून रात्रीच्या ऋण फरकाला मी आधी एक तास चालायला लावते. चांदणी रात्र असेल तर सुओमी एनपीपी आणि नोआ-२० मालिकेवरच्या व्हिअर्स कॅमेऱ्याचं रात्रीचं चॅनेलही बघावं. चंद्रप्रकाशात धूर आणि धूळ दोन्ही दिसतात, फारसं कुणाला सुचत नाही एवढंच.

पहिली फ्रेम सापडली की तिथे काय आहे ते बघायचं. वणव्यासाठी ४ मायक्रॉनच्या आसपासचं चॅनेल. हजार केल्विनची ज्वाळा आणि तीनशे केल्विनची जमीन यांची तुलना केली तर ११ मायक्रॉनला ज्वाळा जेमतेम तीसपट तेजस्वी असते, पण ४ मायक्रॉनला साडेचार हजारपट. म्हणून पिक्सेलचा हजारावा हिस्सा जरी पेटलेला असला तरी तो पिक्सेल शेजाऱ्यांतून उठून येतो. ४ मायक्रॉनची लाट धुरातून आरपार येते, त्यामुळे डोळ्यांना लोटाखाली झाकलेली आगही सापडते. ढगाखालची मात्र सापडत नाही. नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशावर दिसणारा ठिपका म्हणजे आगीची हद्द नव्हे. तो पिक्सेलचा मध्य असतो, व्हिअर्सच्या बाबतीत ३७५ मीटरचा, टेरा आणि ॲक्वावरच्या मोडिस कॅमेऱ्याच्या बाबतीत एक किलोमीटरचा. चार ठिपके म्हणजे चार आगी, असंही नाही. शिवाय चमकणारं छप्पर, सौर पॅनेल, तेलविहिरीवरची जळती ज्योत हेही ठिपके देतात. तुमचा पट्टा मागे नेल्यावर ठिपक्यांच्या झुबक्यात शिरला तर बहुतेक काम झालं.

धुळीचा उगम वेगळा दिसतो. ती सहसा संपूर्ण वाळवंटावरून उडत नाही. ठरावीक जागांवरून उडते. आटलेले तलाव, नद्यांचे कोरडे गाळपट्टे, नांगरून ठेवलेली रानं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बारीक, समांतर रेघा दिसतात, प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक उगम, आणि पुढे त्या मिसळून एक चादर होते. चाडमधलं बोडेले खोरं हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. तिबेस्ती आणि एनेदी या दोन डोंगररांगांच्या मधल्या फटीतून वारा चेपून निघतो आणि जुन्या महातलावाच्या तळाचा पांढुरका गाळ उचलतो. तो गाळ डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या कवचांचा, म्हणून तिथली धूळ आजूबाजूच्या वाळूहून फिकी. वेळही पुरावा देते. अशा ठिकाणी धूळ सकाळीच उठते, कारण रात्री जमिनीपासून काहीशे मीटर वर साचलेला जोराचा वारा ऊन तापल्यावर खाली येतो. गडगडाटी पावसाच्या थंड झोताने उठणारं धूळवादळ दुपारी किंवा संध्याकाळी, कमानीसारख्या कडेचं. आणि पुष्कळदा त्याच वादळाच्या वरच्या ढगाआड लपलेलं, जिथे उपग्रहाचं काही चालत नाही. वणवे दुपारी भडकतात आणि रात्री बसतात. त्यामुळे धुराच्या लोटात दिवसागणिक एक गाठ पडलेली दिसते.

२३ सप्टेंबर २००९ ला सिडनी लाल अंधारात जागं झालं. ती धूळ आदल्या दिवशी खंडाच्या आतल्या कोरड्या भागातून, लेक आयरच्या खोऱ्याच्या बाजूने, थंड हवेच्या आघाडीबरोबर निघाली होती. किनाऱ्याला समांतर, अरुंद आणि लांबलचक, अशी ती नंतर समुद्रावर गेली. नुसतं त्या दिवसाचं समुद्रावरचं चित्र दाखवलं तर नवखा माणूस तिला धूर म्हणेल. आघाडीची रेघ दिसली की शंका राहत नाही: धुळीची पुढची कड आघाडीबरोबर चालते, धुराला तशी कड नसते.

तुमच्याकडे वणवेही आहेत आणि मैदानही, म्हणून आणखी दोन साक्षीदार बोलवा. पहिला कार्बन मोनॉक्साइड. तो जळण्यातून येतो, धुळीतून येत नाही. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी वरचं ट्रोपोमी हे उपकरण त्याचा रोजचा नकाशा देतं. पट्ट्याच्या आकाराशी कार्बन मोनॉक्साइडचा आकार जुळला तर त्यात धूर आहे. फक्त हा वायू आठवडेच्या आठवडे टिकतो, कण धुऊन गेल्यावरही उरतो. त्याचा नकाशा ‘धुराचा नकाशा’ म्हणून बातम्यांत फिरतो तेव्हा मी कपाळावर हात मारते. दुसरा साक्षीदार अतिनील एरोसॉल निर्देशांक. १९७८ मध्ये निम्बस-७ वर गेलेल्या टॉम्स उपकरणाच्या मोजमापांतून ही पद्धत निघाली. प्रकाश शोषणारे कण असतील तर आकडा चढतो, साध्या ढगावर शून्याजवळ राहतो, आणि चकचकीत वाळूवर किंवा ढगांच्या वरही चालतो. धूर आणि धूळ दोन्ही शोषतात, त्यामुळे दोघांतला फरक तो सांगत नाही. पण ढग की काही दुसरं, हे लगेच सांगतो. आणि तोच कणांचा थर उंच असला तर आकडा जास्त, जमिनीलगत असला तर कमी. म्हणजे नकळत तो उंचीबद्दलही बोलून जातो.

आता उंची.

सरळ मोजायचं साधन म्हणजे लिडार, उपग्रहावरून खाली मारलेला लेसर. कॅलिप्सो उपग्रहाने २००६ ते २०२३ हे काम केलं. २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवर आता तसाच एक लिडार आहे. वेडेवाकडे धूलिकण परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बिघडवतात, धुराचे गोलसर कण फारसं बिघडवत नाहीत, म्हणून उंचीबरोबर ओळखही पटते. अडचण एकच: लेसरची रेघ सुतासारखी बारीक असते. ती तुमच्या पट्ट्यावरून आज जाईलच याची खात्री नाही, आणि बहुतेक वेळा ती दोनशे किलोमीटर पलीकडून जाते. टेरावरच्या मिसर उपकरणाचे नऊ कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून बघतात आणि त्यावरून लोटाची उंची काढता येते, पण त्याचाही पट्टा अरुंद.

म्हणून रोजच्या कामात मी वापरते ती पद्धत गरिबाची आहे: पट्ट्याचा वेग मोजायचा आणि कोणत्या उंचीवरचा वारा त्याच्याशी जुळतो ते बघायचं. समजा पिक्सेल दोन किलोमीटरचा आहे. पट्ट्याची एखादी ओळखू येणारी खूण धरा, एखादी गाठ किंवा टोक. ती दीड तासात ४५ पिक्सेल सरकली, पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे ९० किलोमीटर, ताशी ६०, सेकंदाला साधारण १७ मीटर. आता हवामानाच्या मॉडेलमधून किंवा जवळच्या फुग्याच्या निरीक्षणातून उभी वाऱ्याची नोंद काढा. हवेचा दाब ८५० हेक्टोपास्कल असतो तिथे, म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास, वारा वायव्येकडून सेकंदाला ७ मीटर. ७०० ला, तीन किलोमीटरवर, पश्चिमेकडून १६. ५०० ला, साडेपाच किलोमीटरवर, नैर्ऋत्येकडून २८. मग पट्टा तीन किलोमीटरच्या आगेमागे आहे. वेग आणि दिशा दोन्ही जुळायला हव्यात. नुसत्या वेगावर जाऊ नका. चकतीच्या मध्यापासून दूर गेलं की पिक्सेल फुगतो, तेव्हा ‘दोन किलोमीटर’ हा आकडा डोळे झाकून घेऊ नका, नकाशावरची दोन ठिकाणं धरून मोजा. आणि पट्टा मधूनच दोन दिशांना फाटताना दिसला तर गोंधळून जाऊ नका. तो दोन थरांत आहे आणि दोन थरांचे वारे वेगळे आहेत.

उंचीने किती फरक पडतो याचा नमुना २०२३ च्या जूनमध्ये मिळाला. क्वेबेकमधले वणवे तेच. ७ जूनला त्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि शहर भर दिवसा नारिंगी झालं. ईशान्य किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र रेंगाळलं होतं. त्याच्या पश्चिम अंगाने वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत होता आणि धूर खालच्या थरात सरळ शहरांवर आला. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅनडातल्याच वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपच्या पश्चिम टोकावर पोचला. उपग्रहचित्रात तोही ठसठशीत होता. जमिनीवर मात्र आकाश धूसर आणि सूर्यास्त लाल, यापलीकडे फारसं काही झालं नाही, कारण धूर वरच्या वर गेला. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांचा एक लोट तर स्वतः ऊन शोषून तापत, स्वतःभोवती भोवरा करून ३५ किलोमीटरपर्यंत चढला. अशा धुराचा खालच्या यंत्रांशी काय संबंध असणार?

तुमच्या लालभडक नकाशाबद्दल. त्यावरचा आकडा एओडीचा, म्हणजे हवेतले कण सूर्यप्रकाश किती अडवतात त्याचं माप. एओडी १ म्हणजे सूर्याचा सरळ येणारा प्रकाश ३७ टक्क्यांवर आला, ३ म्हणजे ५ टक्क्यांवर. तो संपूर्ण उभ्या थराचा हिशेब आहे. धूर कोणत्या उंचीवर साठलाय हे त्यात नाही. त्यात दोन खड्डे आहेत. दाट धुराला ढग समजून सॉफ्टवेअर तो भाग गाळून टाकतं, त्यामुळे लोटाच्या गाभ्यात, जिथे हवा सगळ्यात वाईट, तिथे नकाशावर पांढरं भोक दिसतं आणि लोक ते स्वच्छ हवा समजतात. दुसरं, मोडिस आणि व्हिअर्सच्या नेहमीच्या पद्धतींत मोजमाप ५ ला थांबतं. उलट्या बाजूने, जमिनीवर यंत्र ओरडतंय आणि एओडी शांत, असंही होतं. दरीत रात्रभर साचलेला शे-दोनशे मीटरचा धूर वरून विरळच वाटतो.

जमिनीवरची यंत्रं वाचतानाही तारतम्य हवं. धुरात पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे कण) चढतं आणि पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे) बहुतेक त्याच्याच जोरावर चढतं. धुळीत पीएम १० कितीतरी पुढे पळतं. पण हे संदर्भ दर्जाच्या यंत्रांबद्दल. छोट्या, स्वस्त, लेसरवर चालणाऱ्या यंत्रांना मोठे कण नीट दिसत नाहीत; त्यांचा पीएम १० चा आकडा बराचसा लहान कणांवरून अंदाजाने काढलेला असतो. त्यामुळे धुळीच्या दिवशी ती निवांत असतात. किनाऱ्यावरची तुमची यंत्रं त्या जातीची असतील तर ‘हवा चांगली’ याचा अर्थ ‘धूर नाही’ एवढाच घ्या. विमानतळांचे हवामान अहवाल उघडा: एफयू लिहिलं असेल तर धूर, डीयू असेल तर धूळ, बीएलडीयू असेल तर वाऱ्याने उडणारी धूळ. बऱ्याच ठिकाणी तिथे अजून माणूस खिडकीतून बाहेर बघतो.

तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझा कौल: धूर, अडीच-तीन किलोमीटरवरचा, तळाशी कदाचित थोडी धूळ मिसळलेली. २.२ चं चित्र आणि दोन तासांचा लूप बघून तुम्हीच तपासा. तो खाली आलाच तर बहुधा किनाऱ्यापासून आतल्या यंत्रांवर आधी दिसेल, आणि तोही दुपारी, जमीन तापून हवा वरपर्यंत घुसळली गेल्यावर. उद्या पहाटेच आकडे चढायला लागले तर माझा उंचीचा अंदाज चुकला असं समजा, आणि एकटं पीएम १० चढलं तर धुराचाही.